मोनालीची गोळी मी छापली

मित्रांनो, लोक मला जुना म्हणतात. म्हणू देत! माझा पट्टा सैल झालाय, एका बाजूचं झाकण तारेनं बांधलंय, पण मी मोडीत निघालेलो नाही. मी औषधाच्या गोळ्या छापणारा प्रिंटर आहे. यवतमाळातल्या एका फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेत राहतो.

छापणं म्हणजे कागदावर नव्हे. औषध मिसळलेला घट्ट लगदा माझ्या नळीत भरतात. सोऱ्यातून चकलीचं पीठ उतरावं तसा तो बारीक तोंडातून उतरतो आणि थरावर थर चढून गोळी उभी राहते. ज्याला जेवढं औषध हवं, तेवढंच त्याच्या गोळीत.

माझं लहानपण मात्र अगदी पोरकट होतं. दुसऱ्या एका कॉलेजात मी किल्ल्यांसाठी प्लास्टिकचे कीचेन छापायचो. पोरांना त्यांचा कंटाळा आला आणि मी कोपऱ्यात जाऊन पडलो. तिथून मला या प्रयोगशाळेत शिकवणाऱ्या प्रेरणा मॅडमनी उचललं. प्लास्टिक लागलेला माझा प्रत्येक भाग काढून त्यांनी नवा, स्वच्छ भाग बसवला. "औषध कोणी छापते का?" म्हणून कॉलेज हसलं. मॅडम एवढंच म्हणाल्या, "हसा बाप्पा. माह्यं काम काही थांबत नाही."

मग मोनाली आली. मारेगावची, शिक्षिका व्हायला शिकत होती. सोबत वडील, भीमराज. मारेगावात ऑटो चालवायचे. पोटविकाराच्या डॉक्टरांनी त्यांना पाठवलं होतं. मोनालीच्या मोठ्या आतड्याला सूज होती, आत जखमा होत्या. शरीराची राखण करणारी ताकदच आपल्या आतड्यावर उलटते, असा हा आजार. पोट पिळवटायचं, संडासवाटे रक्त जायचं.

"जयभीम मॅडम," भीमराज म्हणाले. "पोरगी बसमंदी बसाले भेते. मधात बस थांबवा म्हणाची लाज वाटते तिले."

"बाबा, कायले सांगून राह्यले सगळ्याईले?" मोनाली ओढणीत तोंड लपवत म्हणाली.

तिच्या गोळ्या मोठ्या होत्या आणि दिवसभरात बऱ्याच घ्याव्या लागत. मैत्रिणी विचारतील म्हणून दुपारच्या ती हटकून चुकवायची. चुकवल्या की रक्त पुन्हा सुरू. मॅडमनी डॉक्टरांशी बोलून ठरवलं, की तिचं औषध सकाळच्या लहान गोळ्यांतच बसवायचं. छापलेल्या गोळ्या काही रुग्णांना देऊन गुण येतो का, असा अभ्यास मॅडम करत होत्या आणि त्याच्या सगळ्या परवानग्या त्यांनी आधीच मिळवल्या होत्या. गोळीचं कवच असं हवं होतं, की पोटातल्या आम्लात ते टिकावं आणि मोठ्या आतड्यात पोचल्यावरच उघडावं. नाहीतर औषध वाटेतच संपायचं.

मित्रांनो, पहिल्यांदा मी हरलो. एप्रिलचं ऊन तापलं होतं, नळीतला लगदा पातळ झाला आणि कवच कुठे जाड, कुठे पातळ उतरलं. मॅडमनी ती गोळी आम्लाच्या भांड्यात सोडली. बघता बघता ती फुटली.

बाप-लेक बाहेर बाकावर बसले होते. मॅडम बाहेर जाऊन म्हणाल्या, "आज नाही जमलं."

मोनाली चिडून आत आली. "इतक्या उन्हाच्या आलो आम्ही! एखादी तं द्या!"

"फुटकी गोळी मी माह्या पोरीले दिली नसती. तुले कशी देऊ?"

मोनालीचे डोळे भरले. ती माझ्याकडे अशी रागानं बघत होती, की आता एक धपाटा घालते असं मला वाटलं. पण जाताना म्हणाली, "पुन्हा येईन. तवा जमलंच पाह्यजे याले."

मॅडमनी खोली थंड केली, लगदा बदलला, कवच जाड केलं. मी छापत राहिलो, मॅडम फेकत राहिल्या. शेवटी एक गोळी आम्लात दगडासारखी बसून राहिली आणि दुसऱ्या भांड्यात, आतड्यातल्यासारख्या पाण्यात, हळूच उमलली. पुन्हा पुन्हा तसंच घडलं, तेव्हाच मोनालीला गोळ्या मिळाल्या.

उन्हाळा गेला, सोयाबीन निघालं. मोनालीचं रक्त थांबलं, गाल भरले. आजार पळाला नव्हता, झोपला होता. तपासणी आणि गोळी सोडायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. सगळ्यांनाच गुण आला असं मात्र नाही. याच अभ्यासातल्या महागावच्या देवीलालकाकांना माझी गोळी पुरली नाही, त्यांना दुसरं औषध द्यावं लागलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

अभ्यासाची मुदत संपत आली आणि संस्थेचे सचिव रामराव खोली बघायला आले. त्यांना तिथे बैठकीची जागा करायची होती. मला बोटानं टोचून ते म्हणाले, "हे खेळणं उचला अठून. गोळ्या काय दुकानात भेटत नाहीत?"

मॅडम काही बोलणार, तोच गोळ्या न्यायला आलेली मोनाली पुढे झाली. खोलीत मुलं होती, शिक्षक होते.

"भेटतात साहेब. त्याच घेत होती मी, आन् लाजेपायी चुकवत होती. मले संडासातून रक्त जात होतं. परीक्षेचा पेपर अर्धा टाकून पळाली होती मी. आता वर्गात शिकवाले पुरा वेळ उभी राह्यते. तुमाले खेळणं वाटत असन, तं माह्या डोळ्यात पाहून म्हणा."

दाराशी उभे भीमराज लेकीकडे बघतच राहिले. रामरावांनी घसा खाकरला. "काहून इतकी तापतेस बाई? राहू दे त्याले," म्हणाले आणि निघून गेले. त्यांची बैठक वरच्या मजल्यावर भरली. डॉक्टरांच्या पत्रावर अभ्यासाची मुदत वाढली आणि मी तिथंच राहिलो.

मोनाली आता बाभुळगावच्या शाळेत शिकवते. तिच्या वर्गात संडासला जायला कुणाची परवानगी लागत नाही, हे ती मोठ्या तोऱ्यात सांगते.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसाल तर मला बरं वाटेल. पण त्याआधी एक करा. तुमच्या वर्गात कोणी पोट धरून उठलं तर हसू नका, बाक सरकवून वाट द्या. आणि दुखणारं पोट तुमचंच असेल, तर मान खाली घालू नका. उठा, ताठ चाला आणि घरी मोठ्यानं सांगा.