चौथा फाउल

ऐक ना. मधे बोलू नकोस, चहा थंड झाला तरी चालेल, आधी फक्त ऐक.

बास्केटबॉल लीगच्या सेमीफायनलची तिसरी मॅच. दोन्ही टीम एकेक जिंकून आलेल्या, म्हणजे आज जो हरला तो घरी. रविवार, दुपारचे चार, आणि इनडोअर हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नाही. आपली टीम बनियन्स. हो, वडाच्या झाडावरून ठेवलंय नाव, आणि हो, अख्खं बडोदं हसतं त्याला. समोरच्या टीमवाले तर गंजीफ्रॉक फिरवत होते डोक्यावर. फिरवू देत! लीगमध्ये पहिल्यांदा प्लेऑफला पोचलोय आपण. शेवटची तीन मिनिटं चाळीस सेकंद राहिलेली, आपण दोननं पुढे, आणि शिट्टी वाजली.

रेफरी धावत टेबलासमोर आला. आधी एक बोट दाखवलं, मग दोन. बारा नंबर. आपला कुणाल.

टेबलावर स्कोअरशीट घेऊन चारुमावशी बसलेली. तिला तू पाहिलंयस, घडियाळी पोळीत, त्या जुन्या गल्लीत, आमच्या समोर राहते ती, साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालते ती. मराठी शाळेत तीस वर्षं पी.टी. शिकवली, आणि त्याहून एक वर्ष जास्त टेबलावर बसलीय. तिनं शीटवर बारा नंबरच्या रांगेत बोट फिरवलं. चार घरं भरलेली. पाचवं भरलं. पाच आकड्याची पाटी वर केली. पाच फाउल म्हणजे बाहेर, परत यायचं नाही.

कुणाल टेबलाजवळ आला. ओणवा झाला आणि अगदी हळू, मराठीत म्हणाला, "बाई, चारच आहेत माझे."

चारुमावशीनं मान वर केली नाही. "बार नंबर, पांच फाउल. बेसी जा, भाई."

"बाई, एकदा बघा ना."

"बेसी जा."

आता तुला वाटेल काय खडूस बाई आहे. पण ते तिचं टेबलाचं सोवळं आहे. फार वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या मॅचला ती दमलेल्या पोराला नुसतं "पाणी पी रे" म्हणाली, तर समोरच्या कोचनं लेखी तक्रार केली की स्कोअरर घरची आहे. चौकशीत काही निघालं नाही. पण तेव्हापासून तिनं ठरवलं, टेबलावर यजमानांचा चहा नाही, टाळी नाही, आणि मराठी नाही. गुजराती, नाहीतर हिंदी. टेबलावर बसलं की ती कुणाचीच नाही.

आणि कुणाल तर तिचा सगळ्यात जवळचा. मकरपुऱ्याचा. वडील, जनार्दनकाका, तिथल्या कारखान्यात लेथवर. उत्तरायणला शाळेच्या छज्ज्याला अडकलेले पतंग हा अकरा वर्षांचा मुलगा उडी मारून काढायचा, ते चारुमावशीनं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात बॉल दिला. आता तो सत्तावीसचा आहे. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. कोच सुभानराव तोंडावर म्हणाले होते, "फायनल गाठली तर पुढच्या सीझनला ठेवतो तुला. नाहीतर मला नवीन पोरं घ्यावी लागतील, वाईट वाटून घेऊ नकोस." म्हणजे ती तीन मिनिटं चाळीस सेकंद म्हणजे काय होतं, कळलं ना?

सुभानराव बाजूनं ओरडत होते, "चार! चार!" पण प्रत्येक कोच प्रत्येक मॅचला हेच ओरडतो. रेफरीनं विचारलं, "मैडम, शीट?"

"पाँच, सर."

शीट म्हणजे शीट. कुणाल जाऊन बेंचवर बसला. समोरच्यांनी दोन्ही फ्री थ्रो घातले. बरोबरी.

आणि ह्यानंतर जे झालं ते हॉलमध्ये कुणालाच दिसलं नाही. शेजारी स्कोअरबोर्ड चालवायला मावशीची मदतनीस इरा बसली होती, तिनं अर्धं पाहिलं, अर्धं मावशीनं नंतर तिला सांगितलं, आणि इरानं मला.

चारुमावशीची एक जुनी सवय आहे. शीटच्या खाली ती पाठकोऱ्या कागदाची एक चिठ्ठी ठेवते. कोण आत आला, कोण बाहेर गेला, फाउल कधी झाला, सगळं क्रमानं. कुणी मागत नाही, कुठल्या नियमात नाही, हिचं आपलं चालूच. आणि लिहिते मोडीत! तिचे आजोबा सरकारच्या दफ्तरात होते, त्यांनी शिकवलेली. लेखणी उचलावी लागत नाही म्हणून मॅचच्या वेगात बरी पडते म्हणे. इरा चिडवते तिला, "मावशी, ही चिठ्ठी सापडली तर लोक खजिन्याचा नकाशा समजून पोळ खणतील."

तर फ्री थ्रो चालू असताना मावशीनं ती चिठ्ठी ओढून काढली. उगाच. मनाला कुठंतरी टोचलं म्हणून.

दुसरा क्वार्टर. क बाहेर. ग आत. म्हणजे कुणाल बसला, गजेंद्र आला. त्याच्याखाली, फाउल. त्याच्याखाली, क परत आत.

फाउल झाला तेव्हा कुणाल बेंचवर होता! बेंचवर बसून कुणाला धक्का मारणार तो? तो फाउल गजेंद्रचा. गजेंद्रचा नंबर एकवीस.

तिला लगेच आठवलं. बास्केटखाली झोंबाझोंबी झाली होती, रेफरीच्या मागे जाहिरातीचा बोर्ड पांढराफटक चमकत होता, आणि त्याची बोटं तिला दुधात बुडवल्यासारखी दिसली होती. दोन आणि एक. तिनं लिहिलं एक आणि दोन, तोंडानं मोठ्यानं म्हणाली "बार", आणि इरानं मान डोलावली.

डावा डोळा. मोतीबिंदू. डॉक्टर दोन महिन्यांपूर्वीच म्हणाले होते, करून टाका. ही म्हणाली, प्लेऑफ होऊ दे. आणि लीगच्या फॉर्मवर 'दृष्टी उत्तम' ह्याच्यापुढे स्वतःच्या हातानं बरोबरची खूण केली होती.

आता नियम ऐक. रेफरीची शीटवर सही होईपर्यंत अशी चूक दुरुस्त करता येते. खेळ थांबला की बझर दाबायचा, रेफरीला बोलवायचं, सांगायचं. बस. कुणाल परत आत. इतकं सोपं.

अडीच मिनिटं राहिली असताना बॉल बाहेर गेला. खेळ थांबला. मावशीचं बोट बझरवर.

तेवढ्यात समोरच्या टीमचा मॅनेजर, टेबलाच्या पलीकडे उभा होता, तो मॅच कमिशनरला म्हणतो, "सर, वो बारा नंबर मैडम के कान में क्या बोल रहा था? कौनसी भाषा थी? घर का मामला है क्या?" आणि हसला. नुसता हसला, बरं का, भांडण नाही काही नाही.

मावशीचं बोट बझरवरून उचललं गेलं.

"मावशी, काय झालं?" इरानं विचारलं.

"हिंदी में बोल. कुछ नहीं. घड़ी देख."

तिच्या डोक्यात काय चाललं होतं, विचार कर. बारा नंबरचा पोरगा तिच्या भाषेत तिच्या कानात काहीतरी बोलतो, आणि मिनिटाभरात त्याचा एक फाउल कमी होतो. पुरावा काय? तर एक चिठ्ठी, जी त्या हॉलमध्ये तिच्याशिवाय कुणाला वाचता येत नाही. खरं सांगितलं असतं तर ते खोट्यासारखंच दिसलं असतं ना! इतकी वर्षं जपलेलं सोवळं एका बझरमध्ये गेलं असतं. वर डोळ्याचं निघालं असतंच.

मग एक मिनिट दहा सेकंद असताना सुभानरावांनी टाइमआउट घेतला. टाइमआउट म्हणजे पूर्ण एक मिनिट, यार! चालत जाऊन, पाणी पिऊन, परत येऊन सांगता आलं असतं. कुणाल गुडघ्यावर टॉवेल टाकून बसला होता. सगळे कोचभोवती गोळा झालेले, हा एकटा टेबलाकडे बघत होता. रागानं नाही गं... म्हणजे इरा म्हणते तसं, रागानं नाही. शाळेत पोरं प्रार्थनेनंतर बाईंच्या तोंडाकडे बघतात ना, आता 'बसा' म्हणतील म्हणून, तसं.

मावशीनं पाण्याचा घोट घेतला. घड्याळाकडे बघितलं. आणि बझर दाबला. टाइमआउट संपल्याचा.

शेवटचा शॉट गजेंद्रनं मारला. बॉल रिंगवर फिरला, फिरला, आणि बाहेर पडला. एका पॉइंटनं हरलो आपण. एका!

पब्लिक उतरून जायला लागलं. कुणी गंजीफ्रॉक फेकला तो टेबलावर येऊन पडला, इरानं तो बाजूला सारला. रेफरी पेन काढत आला. "लाइए मैडम, शीट."

आणि तेव्हा, आईशप्पथ, तेव्हा ती उभी राहिली.

"सर, सही से पहले. एक गलती है. मेरी."

सगळं सांगितलं तिनं. बोट, बोर्ड, एकवीस, बारा, चिठ्ठी, डोळासुद्धा. रेफरी चिठ्ठीकडे बघत राहिला, उलटी करून पाहिली, परत सुलटी केली.

"ये आपको कब पता चला?"

"फ्री थ्रो के टाइम."

"तो तब क्यों नहीं बोला, मैडम?"

ह्याला तिच्याकडे उत्तर होतं, पण ते रेफरीला सांगण्यासारखं नव्हतं. आता सांगून कुणाचा फायदा नव्हता ना, म्हणून आता सांगता येत होतं.

समोरचा मॅनेजर पुढे आला. तिचा हात हातात घेऊन हलवला. "मैडम, आप जैसे ईमानदार लोग कहाँ मिलते हैं!" इरा म्हणते, मॅच हरल्यावर मावशी रडली नाही, डोळ्याचा फॉर्म कमिशनरनं मागितला तेव्हा रडली नाही, पण हे ऐकल्यावर तिचा चेहरा बघवेना.

शीट दुरुस्त झालं. गजेंद्रच्या रांगेत एक वाढला, कुणालच्या रांगेतला एक खोडला. मॅच संपल्यावर जी घरं रिकामी राहतात त्यांच्यावर स्कोअररनं आडवी रेघ ओढायची असते. आणि हे तुला सांगायचंच राहिलं. चारुमावशी कॉलेजात असताना टीममध्ये बारावी खेळाडू होती. नॅशनलला गेली, पाच मॅच बसून होती, खेळली शून्य मिनिटं. जो खेळलाच नाही त्याच्या अख्ख्या रांगेवर रेघ येते. पाच शीट, पाच रेघा. पाचव्या वेळी तिनं टेबलावरच्या माणसाला म्हटलं, "रेघ तरी सरळ ओढा." तो म्हणाला, "मग तूच ओढ ना." तिथून तिच्या हातात पेन आलं ते आलंच.

तर त्या दिवशी तिनं कुणालच्या रांगेत, त्या एका रिकाम्या घरात, रेघ ओढली. पट्टी धरल्यासारखी सरळ. मग सही केली, पेनाला टोपण लावलं आणि ते इराच्या हातात दिलं.

बाहेर कुणाल बाइकपाशी थांबला होता. "बसा बाई, पोळीत सोडतो."

"कुणाल," त्या दिवशी पहिल्यांदा मराठीत बोलली ती त्याच्याशी, "तुझे चारच होते."

"माहितेय."

"मला माहीत होतं. फ्री थ्रो चालू होते तेव्हापासून."

त्यानं हेल्मेट तिच्या हातात दिलं. मग म्हणाला, "बाई, मागच्या महिन्यात तुमच्याकडे आलो होतो ना, तुम्ही चहा कपाच्या शेजारी ओतला होता. फरशीवर. मला म्हणालात, हात हलला."

"मग?"

"मग काय. तेव्हाच बोललो असतो तर तुम्हाला टेबलावर बसू दिलं नसतं. आजपण, तुम्ही बस म्हणालात तेव्हा, सुभानसरांना नुसतं एवढं म्हणायचं होतं, की बाईंचे डोळे तपासा." त्यानं किक मारली. "म्हणालो नाही."

पाणीगेटच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिनं पर्समधून ती चिठ्ठी काढून मागून पुढे केली. त्यानं संध्याकाळच्या उजेडात धरून बघितली.

"काय लिहिलंय?"

"तू बसला होतास, असं."

सिग्नल सुटला, मागून रिक्षावाला ओरडला, "चाल ने, भाई!" कुणालनं चिठ्ठीची बारीक घडी केली, खेळताना किल्ली ठेवतो तशी गुडघ्याच्या पट्ट्यात खोचली, आणि गाडी काढली.

त्याला काही पुढच्या सीझनला ठेवलं नाही. जनार्दनकाकांनी कारखान्यात त्याच्यासाठी शब्द टाकलाय. मावशीचं उद्या ऑपरेशन आहे, तोच नेतोय तिला, सकाळी सातला. लीगकडून तिला परत बोलावणं येणार नाही, आणि ती कुणाला विचारतही नाही.

पोळीत अर्धे लोक म्हणतात, शेवटी तरी खरं बोलली, केवढी हिंमत. अर्धे म्हणतात, शेवटी बोलण्यात कसली आलीय हिंमत. माझं डोकं फिरायची वेळ आलीय. म्हणून तुला विचारतेय. समोर कुणाल बसलाय, टॉवेल गुडघ्यावर टाकून, तुझ्याकडे बघतोय. तुझ्या खरं बोलण्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही हे तुला पक्कं माहितेय. हॉल ओरडतोय. तुझं बोट बझरवर आहे.

तू काय केलं असतंस?