सक्षम प्राधिकाऱ्याचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. राज्याच्या उच्च शिक्षण कार्यालयातल्या समकक्षता कक्षात माझा मुक्काम असतो. दुसऱ्या राज्यातली पदवी आपल्या पदवीच्या बरोबरीची आहे की नाही, हे ठरवणारा तो कक्ष. माझ्या अंगावर तीनच शब्द आहेत : ‘सक्षम प्राधिकाऱ्याकडे पाठवावे’. त्यातला एकही मला आता सोसवत नाही.

मला घडवणारा कारागीर मात्र खूश होता. “अक्षरं कशी मोत्यासारखी उठलीत!” असे म्हणून त्याने माझ्यावर फुंकर घातली. कक्षातही माझे कौतुक झाले. हेडक्लार्क येईल-जाईल त्याला सांगत, “हा आल्यापासून टेबलावर एक कागद राहत नाही.” खरेच राहत नसे. कागद पुढे जाई आणि काम जागच्या जागी राही. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटे. आज त्या अभिमानाची किळस येते.

एकदा एक बाई आल्या. मातीचा अभ्यास करून त्यांनी शेजारच्या राज्यात पदवी मिळवली होती. इथल्या महाविद्यालयाने त्यांना प्राध्यापक म्हणून निवडले होते. दोन महिन्यांत समकक्षतेचा दाखला आणायचा, नाहीतर निवड रद्द. अडचण एका शब्दाची होती. त्यांच्या पदवीवर ‘मृदाशास्त्र’ होते आणि आमच्या यादीत ‘मृदाविज्ञान’.

“नाव जुळत नाही, मॅडम,” हेडक्लार्क म्हणाले. “केंद्राला विचारावं लागेल.”

मी उमटलो. केंद्राने कळवले, यादी राज्याची आहे, राज्यानेच पाहावे. खाली माझाच कुणी भाऊबंद तेच तीन शब्द घेऊन उमटला होता. मग बाईंच्या विद्यापीठाला विचारले. तिथून उत्तर आले, ‘आमच्या पदवीत चूक नाही, तुमच्या यादीत आहे.’ झाले! हेडक्लार्कच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “आता हे आम्हाला शिकवणार?” म्हणत त्यांनी मला पुन्हा अर्जावर आपटले. कागद केंद्राकडे गेला आणि शिक्का घेऊन परत आला. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी त्या बाईंची गत झाली.

शेवटच्या दिवशी त्या दोन पाठ्यपुस्तके घेऊन आल्या. एक तिथले, एक इथले.

“साहेब, लेखक एकच आहे. आतलं पान न् पान सारखं आहे. कुठलंही उघडून बघा ना.”

“आतलं बघायचा आम्हाला अधिकार नाही,” ते म्हणाले. “आम्ही नाव बघतो.”

बाईंनी अर्जावरचे शिक्के मोजले. “इथे चार वेळा लिहिलंय, सक्षम माणसाकडे पाठवा. मग तुम्ही सगळे कोण?”

हेडक्लार्कनी मला शाईत बुडवले आणि अर्जावर पाचवा शिक्का उमटवला.

पुढच्या आठवड्यात महाविद्यालयाचे पत्र आले : पात्र उमेदवार न मिळाल्याने हा विषय यंदा बंद करत आहोत. त्या पत्रावरही मीच उमटलो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. माझे मागणे उलटे आहे. मला जपू नका. उद्या तुमच्यापैकी कुणी या खुर्चीवर बसलात, तर समोर आलेले वाचा, ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहा आणि खाली स्वतःची सही करा. ते करण्याची हिंमत नसेल, तर त्या खुर्चीवर बसू नका.