भावामागे माझा नंबर

मी बोकड. दिवाळे गावात येसूबाईंच्या चार मजली घराच्या जिन्याखाली बांधलेला. माझ्या शेजारची खुंटी परवापासून रिकामी आहे. तिथे माझा भाऊ असायचा.

आम्ही जुळे. तो आधी जमिनीवर पडला, म्हणून थोरला. आम्ही दांडगे झालो तसं येसूबाईंच्या मुलानं, कल्पेशनं ठरवलं, गावातल्या शेळ्या गाभण करायला हे दोघे ठेवायचे.

भावासमोर तीन वेळा माजावर आलेली शेळी आणली. तो हुंगायचा आणि पाल्याकडे वळायचा. माणसं हसायची. "नवरदेव रुसलाय रं! हुंडा मागतोय काय?"

परवा कल्पेशनं त्याला टेंपोत चढवलं. खाटकाकडे. तो ओरडत गेला. मी दोरीला इतके हिसके दिले की मान सोलली. तेव्हापासून पाल्याला तोंड लावलेलं नाही.

आज माझा नंबर. मला खुंटीवरून सोडलं. शेळी आली. वास आला, पण पाय हलले नाहीत. काही वाटलंच नाही. कल्पेशनं टेंपोची किल्ली काढली.

येसूबाईंनी गुरांच्या डॉक्टर जागृतीताईंना बोलावलं होतं. त्यांनी मला चाचपलं. "अंगानं धडधाकट आहे. याची आई गाभण होती तेव्हा तिला काही औषध दिलं होतं?"

येसूबाई पदराचं टोक चावत राहिल्या. मग म्हणाल्या, "झोपेची गोली. अर्धी अर्धी, भाकरीतून. वरचा भाडेकरू रातपालीचा. दिवसा शेली वरडली का म्हनायचा, खोली सोडतो."

"किती दिवस?"

"व्याली तवापर्यंत."

"काकी!" डॉक्टर म्हणाल्या. "उंदरांवर असे प्रयोग झालेत. पोटात असताना औषध गेलं तर काही नर मोठेपणी मादीकडे जात नाहीत. याचं तेच असेल, असं खात्रीनं नाही सांगता येणार."

मला खात्री नको होती. मी धावलो आणि येसूबाईंच्या गुडघ्याला धडक दिली. त्या खाली कोसळल्या.

"बघ, आता मारायला पन लागला!" कल्पेश ओरडला. "आई, याचा नाद सोड."

माझ्यासाठी बोलेल असं एकच माणूस होतं. तेच मी पाडलं होतं.

येसूबाई उठल्या नाहीत. गुडघ्यातून रक्त येत होतं. त्यांनी माझी दोरी मनगटाला गुंडाळली. "गोली मी दिली. याला न्यायचा, त मना पन घाल टेंपोत."

कल्पेशनं टेंपोत बसून इंजिन चालू केलंय. तो अजून उतरलेला नाही. मी येसूबाईंकडे पाठ करून उभा आहे. माझ्या भावाबद्दल त्यांना माफी मिळणार नाही. कधीच नाही.

पण येसूबाई, दोरी सोडू नका.