कललेला दिवा

"आई, ऊठ आता. गुडघा बघ, सुजून भोपळा झालाय."

"गुडघा माझा आहे. तू तिकडे पाय ठेवू नकोस, आभाळ अजून ओलं आहे."

लेक मागे सरला. गोदामाच्या जमिनीवर नाटकाचा भलामोठा पडदा अंथरला होता आणि त्याची आई मोजे घालून त्या पडद्यावरच गुडघे टेकून बसली होती. नाट्यगृहातले सगळे तिला पडदेबाई म्हणत. एकतीस वर्षं ती अशी स्वतःच्या चित्रांवरून चालत आली होती; तळ्यावरून, भर बाजारातून, राजवाड्याच्या छपरावरून. पुढच्या हंगामापासून पडद्यांच्या जागी स्क्रीन येणार होता. म्हणजे हा शेवटचा. वरच्या कोपऱ्यातली घरं आणि एका गच्चीतला दिवा तेवढा राहिला होता.

"बाई, वरचं राहू द्या," व्यवस्थापक सकाळीच सुचवून गेले होते. "एवढ्या लांबून कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," ती म्हणाली, आणि विषय तिथेच मिटला.

लेकाच्या मनात मात्र निराळाच सल होता. तो अठरा वर्षं इथेच क्लॅरिनेट वाजवत होता. पण वादकांची जागा रंगमंचापुढच्या खड्ड्यात, आणि बसायचं रंगमंचाकडे पाठ करून. आईचे पडदे त्याने जमिनीवर पाहिले होते, गुंडाळलेले पाहिले होते. भर प्रयोगात, दिव्यांच्या उजेडात उभा असलेला एकही पाहिला नव्हता. आईचंही तेच. प्रयोगाला ती कायम मागे दोरांपाशी उभी, कुठे काही फाटलं, अडकलं तर हाताशी असावं म्हणून. त्याचं वाजवणं तिने ऐकलं ते कापडाच्या आडून.

"उद्या मी रजा टाकतो," तो म्हणाला. "समोर बसून बघतो."

ब्रश थांबला. "आणि पहाटेचा प्रवेश? तिथे तू एकटा वाजवतोस. त्याच सुरावर माझ्या पडद्यावर उजेड येतो."

"वाजवेल दुसरं कुणीतरी."

"मग हा पडदाही दुसऱ्या कुणाकडून रंगवून घ्यायचा होता!" ती कडाडली. "स्वतःचं काम टाकून माझं कौतुक करायला येऊ नकोस. मला ते पचायचं नाही."

मग तिने खिशातून तळहाताएवढा आरसा काढला. चित्र आरशात उलटं दिसलं की डोळ्याला सवयीची झालेली चूक लगेच उघडी पडते. लहानपणी ती चूक हुडकायचं काम त्याच्याकडे असे. नुसतं 'छान आहे' म्हटलं की पाठीत धपाटा बसे.

"हा तुझ्या स्टँडला बांध. वाजवता वाजवता दिसेल तेवढं बघ."

"बांधतो. पण तू समोर बसायचंस. दोरांपाशी नाही."

तिने ब्रश पुसून बाजूला ठेवला. "बरं," म्हणाली.

दुसऱ्या संध्याकाळी ती इस्त्रीचे कपडे घालून तिसऱ्या रांगेत बसली. पहाटेचा प्रवेश आला. त्याने क्लॅरिनेट ओठांना लावली आणि तळहाताएवढ्या काचेत आभाळ उजळत गेलं, घरं जागी झाली, गच्चीतला दिवा दिसला. त्याला आईचा इतका अभिमान वाटला की आपण वाजवतोय हे तो क्षणभर विसरूनच गेला.

घरी जाताना तिने विचारलं, "हं, चूक?"

'छान' हा शब्द त्याने गिळला. "गच्चीतला दिवा डावीकडे कललाय. आरशात डावीकडे, म्हणजे खरा उजवीकडे."

"वाटलंच मला. तिथे पोचेपर्यंत गुडघ्याने दगा दिला." चार पावलं चालून ती म्हणाली, "आणि तू शेवटचा सूर लवकर सोडलास."

"आरशात बघत होतो गं."

"मी पहिल्यांदाच समोरून ऐकत होते रे. पुरता ऐकायचा होता."

सकाळी तिने पडदा खाली सोडायला लावला आणि मोजे चढवून परत त्यावर गुडघे टेकले.

"बाई, आता कशाला?" व्यवस्थापक वैतागले. "दहाच तर प्रयोग उरलेत."

"दहा म्हणजे काय थोडे झाले?"

त्या संध्याकाळी लेकाने आरसा पिशवीतच ठेवला. ती तिसऱ्या रांगेत होती. पहाटेच्या प्रवेशात त्याने शेवटचा सूर धरला आणि छातीतला श्वास संपेपर्यंत सोडला नाही. पाठीमागे दिवा सरळ उभा असणार, हे कळायला त्याला वळून बघायची गरज नव्हती.