आईचं ‘असू दे’

मालकीणबाईंच्या खोलीत पाऊल टाकलं की वकीलीणबाई तोंडाने श्वास घ्यायला लागायची. वर व्हॅनिलाचा फवारा, खाली ओल्या गालिच्याचा कुबट वास आणि कोपऱ्यात काचेच्या पेटीत शेवाळून हिरवंगार झालेलं पाणी. त्या पाण्यात एकुलता एक मासा तोंड वासून काचेला चिकटलेला. ‘हाही इथे शिकवायला असणार,’ तिला वाटायचं, ‘आणि ह्याचीही सुट्टी बिनपगारी असणार.’

वकीलीणबाई म्हणजे खरी वकील नव्हे हो. इयत्ता दहावी, तोंडाचा पट्टा कायम चालू, म्हणून आईने ठेवलेलं नाव. दोन वर्षांपूर्वी दोघी मायलेकी ह्या परक्या देशात आल्या. आई ह्या मालकीणबाईंच्या खाजगी संस्थेत पोरांना इंग्रजी शिकवायची. दिवसभर इंग्रजीच बोलायची, त्यामुळे इथली भाषा तिला भाजी आणि बसपुरतीच यायची. लेक मात्र इथल्या शाळेत जाऊन पोपटासारखी बोलायला लागली होती. मालकीणबाईंचं इंग्रजी ‘गुड मॉर्निंग’पाशी संपायचं. मग काय, मध्ये दुभाषी कोण? वकीलीणबाई!

भांडण होतं मोठ्या सुट्टीच्या पगाराचं. वर्षअखेरीस संस्था दोन महिने बंद असायची. नोकरीवर घेताना मालकीणबाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या होत्या, “सुट्टीतही पगार चालू.” येण्याआधीच थोडी भाषा शिकलेल्या वकीलीणबाईनेच ते आईला मराठीत सांगितलं होतं. पहिल्या वर्षी छदामही मिळाला नाही. आई म्हणाली, “असू दे, नवीन आहोत आपण.”

आईचं हे ‘असू दे’ म्हणजे वकीलीणबाईच्या डोक्यात जायचं. शेजाऱ्याच्या कचऱ्याची पिशवी आपल्या दारात गळली, असू दे. दुकानदाराने खालून सडके टोमॅटो घातले, असू दे. अरे, किती असू द्यायचं? मालकीणबाईंच्या लाळघोट्या हसण्याइतकीच त्या दोन शब्दांची तिला किळस यायची.

पण ह्या वर्षी असू देऊन चालणार नव्हतं. धाकटा भाऊ तिकडे बाबांजवळ होता. त्या निघाल्या तेव्हा जेमतेम चालायला लागला होता. परवा फोनवर त्याने शेजारच्या काकूंना ओळख करून दिली, “ही माझी फोनातली आई. खरी नाही.” आई खळखळून हसली आणि मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली. सुट्टीचा पगार मिळाला तर तिकिटं निघणार होती. नाहीतर फोन होताच.

“या या, माझ्या लाडक्यांनो!” मालकीणबाईंनी क्रीम चोपडलेल्या हाताने वकीलीणबाईचा गालगुच्चा घेतला. शी! गाल नुसता लोण्यासारखा बुळबुळीत झाला. गोड बोलण्यामुळे मायलेकींनी त्यांचं नाव ठेवलं होतं गुळाची ढेप. ढेपेने कॉफीत बिस्कीट बुडवलं, अर्धं आत पडलं, ते बोटाने चाचपून काढलं, बोट चाटलं आणि त्याच बोटाने बिस्किटांचा डबा पुढे सरकवला.

“घे गं, लाजू नकोस. आपण सगळे एक कुटुंबच!”

“काय म्हणतेय?” आईने विचारलं.

“म्हणे आपण एक कुटुंब.”

“बरं. सुट्टीच्या पगाराचं विचार.”

वकीलीणबाईने विचारलं. ढेपेचे डोळे पाणावले. खरंच पाणावले, नळ सोडावा तसे.

“कुटुंबात कोणी पगार मागतं का? आणि शिकवणं नाही तर पगार कसला?”

“तिला म्हण,” आई हळू आवाजात म्हणाली, “नोकरीवर घेताना तुम्ही कबूल केलं होतंत.”

ढेप गोड हसली. “मी? छे गं! तू तेव्हा नवखी होतीस. भाषा कुठे येत होती तुला? ऐकण्यात चूक झाली असेल.”

वकीलीणबाईचे कान तापले. आपल्यावर उडवलेला चिखल आपणच मराठीत करून आईच्या पुढ्यात वाढायचा! तिने तो वाढला, शब्दन् शब्द.

आईने तिच्याकडे बघितलं. मग माशाकडे बघितलं. “असू दे,” म्हणाली आणि उठली.

बाहेरच्या बोळात पोरगी फुटलीच. “असू दे? मला खोटं पाडलं आणि असू दे? तू कुणाची आई आहेस, माझी का तिची?”

“हळू बोल.”

“का हळू? इथे मराठी कुणाच्या बापाला कळतंय!”

आई बसथांब्याकडे चालायला लागली. घरी आल्यावर वकीलीणबाईने तीनदा गाल धुतला, तरी व्हॅनिला जाईना.

सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. संस्थेच्या हॉलमध्ये पालक जमले होते, फुगे लागले होते. पोरांची गाणी झाली. मग ढेप माईकपाशी आली. हातात लाल रिबीन बांधलेलं पाकीट.

“आपल्या परदेशी बाईंना आपल्या बाळाला भेटायला जायचंय,” ती डोळे टिपत म्हणाली, “म्हणून माझ्याकडून ही एक छोटीशी भेट!”

टाळ्या! पालकांनी फोटोसाठी फोन वर केले. भिंतीला टेकून उभे असलेले चित्रकलेचे सर आणि संगीताच्या बाई, तेही परदेशीच, आपापल्या बुटांकडे बघायला लागले. त्यांना ना पगार, ना भेट. वकीलीणबाईला एका क्षणात सगळा डाव कळला. एकीला भेट म्हणून द्यायचं, म्हणजे बाकीच्यांनी हक्क म्हणून मागायला नको. वर आपल्या धाकट्याची जाहिरात करून पुढच्या वर्षीचे प्रवेश भरायचे.

तरी तिने आईला सांगितलं, “तिकिटांचे पैसे देतेय. पण भेट म्हणून. हसून फोटो काढायचाय.”

पाकीट आईच्या नाकासमोर आलं. आईचे हात पदराशीच राहिले.

“असू दे,” आई म्हणाली.

झालं! वकीलीणबाईला वाटलं, आता हिला हलवावं गदागदा. पण आई थांबली नव्हती.

“असू दे म्हणावं तुमच्याकडेच. भेट असेल तर असू दे. पगार असेल तर घेते, आणि मग तो ह्या सर-बाईंचाही आहे. सांग तिला. मोठ्याने सांग. आणि हेही सांग, की दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीने बरोबर ऐकलं होतं.”

शेवटचं वाक्य सांगताना वकीलीणबाईचा आवाज चिरकला. पण सांगितलं तिने, माईकमध्येच सांगितलं.

पहिल्या रांगेतली कुणा पोराची आई म्हणाली, “म्हणजे? सुट्टीच्या महिन्यांची फी तर आम्ही भरतो की!”

“आम्हीही!” मागून आणखी कोणीतरी.

ढेपेचं हसू उन्हातल्या गुळासारखं ओघळायला लागलं. फोन अजून वरच होते.

“पगारच!” ती म्हणाली. “अर्थात पगारच! सगळ्यांना! मी आपलं प्रेमाने भेट म्हटलं.”

“आई, म्हणतेय अर्थात पगारच.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना.”

मग आईने पाकीट घेतलं. रिबीन सोडली, ढेपेच्या हातात परत दिली आणि पैसे तिथेच, सगळ्यांसमोर, मोजून बघितले. चित्रकलेचे सर खोकल्याचं निमित्त करून हसले.

जाता जाता ढेपेने वकीलीणबाईचा गाल पुन्हा धरला, ह्या वेळी नखांसकट. “जीभ फार लांब झालीये हं तुझी, लाडके.”

हे काही वकीलीणबाईने मराठीत केलं नाही. पण आईने बघितलं होतं.

पोरांच्या बुटक्या बेसिनपाशी दोघी कंबरेत वाकून उभ्या राहिल्या. एक गाल धुतेय, दुसरी हात. इतका फेस झाला की खाली फरशीवर गळायला लागला.

“शी! जातच नाहीये गं आई.”

“घास अजून. साबण तिचाच आहे.”

“सगळा संपवू?”

आईने बाटली तिच्या तळहातावर उपडी केली. “संपव,” म्हणाली. “आणि मग बाबांना फोन लाव. धाकट्याला सांगू, फोनातली आई निघाली म्हणून.”