तिसऱ्या नेत्राचा लेप

लॉकडाउनमधला रविवार. झूमच्या चौकोनांतून नेदरलँड्समधली, युट्रेख्टपासून रायस्वाइकपर्यंतची मराठी घरं हात जोडून बसली होती. मधल्या चौकोनात गुरुजी, चंद्रहासजी, तपकिरी लेपाची डबी नाचवत होते.

"हे ग्वारानाचं फळ. अ‍ॅमेझॉनच्या अरण्यात शंकरानं ठेवलेलं तिसरं नेत्र. डोळ्यासारखंच दिसतं ना? हे कातडीला नाही, थेट प्रारब्धाला लागतं."

मग माझी शेजारीण मालिनी सहा वर्षांच्या संहिताला कॅमेऱ्यापुढे घेऊन आली. एक्झिमानं सोललेले तिचे गाल आठवड्यात गुळगुळीत झाले होते. पडद्यावर लाल बदामांचा पाऊस पडला.

"सुरेखा, तू नुसत्या शंकाच काढ," मालिनी मला जिन्यात म्हणाली. "मी डॉक्टरांची मलमं फेकून दिली."

"डबीवर घटक का लिहिलेले नाहीत?"

"प्रसादावर लिहितात का?"

हिवाळ्यात संहिताच्या गालांवर लाल शिरांचं जाळं उमटलं. लेप थांबवला की चेहरा भाजल्यासारखा होई. म्हणून आई आणखी थापे.

"इट बर्न्स, आई," पोरगी सांगे.

"विष बाहेर पडतंय," गुरुजी फोनवर म्हणत.

एका सकाळी तिचे डोळे सुजून मिटले, तेव्हा मालिनीनं माझं दार वाजवलं. आम्ही हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरकडे धावलो. मी डबीही घेतली. त्यांनी इस्पितळात पाठवलं, लेप प्रयोगशाळेत गेला. त्यात निघालं क्लोबेटासॉल, अतितीव्र स्टेरॉइड. ग्वाराना नावापुरतं. गाल स्टेरॉइडनंच गुळगुळीत केले होते आणि त्यानंच कातडी पातळ केली होती.

पुढच्या रविवारी मी तो अहवाल झूमवर वाचू लागले.

"श्रद्धा कमी पडली, ताई," चंद्रहासजी हसले आणि त्यांनी माझा आवाज बंद केला.

तेव्हा मालिनीनं स्वतःचा माइक सुरू केला. "श्रद्धा माझी होती. चेहरा माझ्या मुलीचा गेला."

काही चौकोन विझले. बरेच तसेच हात जोडून राहिले. आम्ही तक्रार केली. लेप आता दुसऱ्या नावानं विकला जातो. संहिता ऑनलाइन शाळेत कॅमेरा बंद ठेवून बसते.

ग्वारानाचा यात दोष नाही. अ‍ॅमेझॉनमधली माणसं त्याच्या बिया भाजून, कुटून, पाण्यातून पितात, तरतरीसाठी. त्यांत कॉफीच्या बियांहूनही जास्त कॅफीन असतं. उद्या ते कातडीच्याही उपयोगी ठरेल कदाचित, पण ते प्रयोगानं ठरू द्या. डबीत काय आहे हे जो सांगत नाही, त्याच्यापुढे हात जोडू नका. त्याला प्रश्न विचारा. आणि तुमचं मूल 'जळतंय' म्हणालं, तर आधी त्याचं ऐका.