मैदानाची तीन दरपत्रकं

एकशे चाळीस कोटींचा तो आकडा मी काढला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी लोकांना नावं ठेवायला लागले की कोणी मध्येच आठवण करून द्यायला नको.

नगरपालिकेच्या लेखा विभागात मला एकोणीस वर्षं झाली. खुर्च्या, पंखे, झाडू, रस्त्यावरचे दिवे, शववाहिकेचे टायर, शहराला जे जे घ्यावं लागतं त्याचा दर माझ्या टेबलावरून जातो. पद्धत साधी. तीन ठिकाणांहून दरपत्रकं मागवायची, शेजारी शेजारी लावायची, खाली सही करायची. वस्तू घ्यायची असेल तर सगळ्यांत कमी दर धरायचा. शहराच्या अंगावर काही देणं येण्याची भीती असेल तर सगळ्यांत जास्त धरायचा, सावध राहिलेलं बरं म्हणून. ही पद्धत माझ्यात इतकी मुरली आहे की कांदे घेतानाही मी तीन गाड्यांवर विचारते आणि घरच्यांच्या शिव्या खाते.

तर जुन्या वखारीमागचं मैदान शहराच्या आराखड्यात कायमची मोकळी जागा म्हणून दाखवावं, असा प्रस्ताव सभेपुढे आला. मैदान खाजगी मालकीचं. तिथे कधीच बांधता येणार नाही असं शहराने ठरवलं तर मालक कोर्टात जाणार, भरपाई मागणार. किती मागेल, तेवढी जोखीम काढा, असं आमच्या मुख्य लेखाधिकाऱ्यांनी मला सांगितलं. आम्ही त्यांना मोठे साहेब म्हणतो. मुदत चार दिवसांची.

मी काय केलं? तीन पत्रं धाडली! जमिनीचे दर देणाऱ्यांची एक यादी फाइलमध्ये आधीच लावलेली होती. कोणी लावली, का लावली, हे बघायची बुद्धी झाली नाही. पहिली तीन नावं उचलली. उत्तरं वेळेवर आली, तेव्हाच खरं तर शंका यायला हवी होती. आमच्याकडे झाडूचं दरपत्रकसुद्धा वेळेवर येत नाही. तिन्हींतला मोठा आकडा एकशे चाळीस कोटींचा होता. तो धरला, सही ठोकली. साहेब म्हणाले, "बाई, कामाला वाघ आहात तुम्ही." मी हवेत तरंगत घरी गेले.

रविवारी ताईकडे जेवायला गेले होते. माझी ही मोठी बहीण त्या मैदानाला लागूनच असलेल्या गल्लीत राहते. खाली भावोजींचं गाद्यांचं दुकान, वर घर. गल्ली एवढी अरुंद की समोरून हातगाडी आली की आपण कोणाच्या तरी दारात शिरायचं. एकशे एकवीस घरं, सगळी एकमेकांना चिकटलेली, आणि सगळ्यांच्या मागच्या खिडक्या मैदानाकडे. दुकानात छतापर्यंत कापूस. भावोजींच्या भुवयांतही कापूस असतो.

मी जेवता जेवता म्हणाले, "ताई, मंगळवारी सभेत तुमच्या मैदानाचा निकाल लागणार. एकशे चाळीस कोटींची जोखीम काढलीय मी. एवढा आकडा बघून कोणाची टाप आहे हात वर करायची?"

बढाई मारत होते मी. सांगायला लाज वाटते, पण बढाईच मारत होते.

भावोजींचा घास हातातच राहिला. "म्हणजे तिथे इमारती होणार?"

"होतील बहुतेक."

"मग बंब कुठून येणार?"

"ते माझ्या फाइलीत नाही हो, भावोजी."

गेल्या वर्षी त्यांच्या शेजारच्या घराला आग लागली होती. मोठ्या रस्त्याकडून गल्लीत बंब शिरणं शक्यच नव्हतं. तो मैदानातून आला, घरांच्या मागच्या भिंतींना जवळजवळ टेकला आणि आग ताईच्या कापसापर्यंत पोचायच्या आत विझवली. ताईचे सासरे, आबा, सहा वर्षं अंथरुणाला खिळलेले आहेत. त्यांना जवानांनी मागच्या खिडकीतून शिडीवरून खाली आणलं. मैदान नसतं तर आबा नसते. एवढा सरळ हिशोब होता आणि हिशोबाचा पगार घेणारी मी तो विसरले होते.

ताई उठली आणि माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "आम्ही कुठल्या फाइलीत आहोत मग?"

"अगं, आमच्याकडे फक्त आर्थिक बाजू असते."

"आबांना खिडकीतून काढत होते तेव्हा तू खाली उभी राहून हंबरडा फोडत होतीस. ती कुठली बाजू होती?"

मला राग आला. जेवण तसंच टाकून निघाले. आपण चुकलोय हे कळायला लागलं की मला आधी समोरच्याचा राग येतो, हा माझा जुना रोग आहे.

सोमवारी सकाळी ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचले आणि ती तीन दरपत्रकं काढून नीट वाचली. पहिल्यावरचा फोन नंबर आणि मालकाच्या स्वतःच्या पत्रावरचा फोन नंबर एकच! दुसरं दरपत्रक देणारा मालकाचा सख्खा मेहुणा निघाला. तिसरा एक बिल्डर, आणि त्याने तर या जागेसाठी मालकाला इसार देऊन ठेवलेला. ते त्याने स्वतःच पत्रात लिहिलं होतं, अगदी अभिमानाने. आणि यादी कोणी लावली होती? मालकाने, आपल्या हरकतीच्या अर्जासोबत. मी मैदानाची किंमत मैदान विकणाऱ्यालाच तीनदा विचारली होती. खुर्च्यांच्या बाबतीत हे चालतं, कारण खुर्ची महाग वाटली तर आपण घेत नाही.

ती दरपत्रकं घेऊन तशीच खालच्या मजल्यावर नगररचना विभागात गेले. तिथे एक आरेखक आहेत, सगळे त्यांना नकाशेवाले म्हणतात. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि आराखड्यावर बोट ठेवलं.

"हे बघा. आज ही जागा माल साठवायची आहे. एक मजली शेडपलीकडे काही बांधता येत नाही. या दरपत्रकांत बारा मजली इमारतींचा भाव धरलाय. तो मान्य केला कोणी?"

"मी."

"अहो, जे बांधायचा हक्कच नाही त्याची भरपाई कशी मिळेल? चार वर्षांपूर्वी आठ कोटींना घेतलीय त्यांनी. खरेदीखत आहे माझ्याकडे. दुप्पट धरा, सोळा. फार तर वीस."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला विचारलं कोणी?"

डोक्यात तिडीक गेली. यांना कोणी विचारलं नाही, म्हणून हे खरेदीखत कपाटात ठेवून बसले. मला फक्त आकडा विचारला, म्हणून मी आकडा दिला. असं सगळ्यांनी मिळून एकशे एकवीस घरांच्या मागची वाट बंद करत आणली होती, आणि कोणी कोणाचं घोडं मारलेलं नव्हतं.

साहेबांपुढे सगळे कागद ठेवले. त्यांनी ते शांतपणे वाचले. साहेब लाचखाऊ नाहीत हे मी छातीठोकपणे सांगेन, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो. लाच खाल्ली असती तर निदान शिवी तरी मोकळेपणाने देता आली असती.

"दरपत्रकं तीन आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"आहेत, पण तिन्ही एकाच घरची आहेत, साहेब."

"नियमात तीन म्हटलंय. कोणाची ते म्हटलेलं नाही. तुमच्या आकड्याचं टिपण सगळ्या सदस्यांकडे पोचलंय. आता दुरुस्ती करायची म्हणजे चूक कोणाची हे लिहावं लागेल." त्यांनी सहीवर पेन टेकवलं. "सही तुमची आहे."

"माझंच नाव लिहा की मग!"

"विभागाचं नाव जातं, बाई. उद्या सभेत कोणी विचारलं तर बघू."

मंगळवारी सभेत कोणीही विचारलं नाही. एकतीस सदस्य, प्रत्येकाच्या पुढ्यात माझं टिपण. एक जण उठून म्हणाले, "एकशे चाळीस कोटी? गवत उगवायला?" सगळे खदाखदा हसले. दुसऱ्यांनी एवढ्या पैशात किती दवाखाने झाले असते ते सांगितलं. दवाखान्याचा प्रस्ताव आला होता तेव्हा हेच गृहस्थ मूग गिळून बसले होते. मागच्या रांगेत अग्निशमन अधिकारी टोपी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्याकडे कोणी मान वळवूनही पाहिलं नाही.

आम्ही कर्मचारी भिंतीकडेला बसतो. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी उभी राहिले. आवाज नको तितका मोठा निघाला.

"तो आकडा खोटा आहे!"

अध्यक्ष दचकले. "तुम्ही कोण?"

"तो काढणारी."

मग मी सगळं सांगितलं. फोन नंबर, मेहुणा, इसार, माल साठवायची जागा, वीस कोटी. मैदान बंद झालं तर त्या गल्लीत बंब जाणार नाही, हेही सांगितलं. "अधिकारी मागेच बसलेत. त्यांना विचारा ना एकदा."

"आजचा विषय आर्थिक आहे," अध्यक्ष म्हणाले.

"घरं जळाली तर ते आर्थिक नसतं का?"

सभागृहात गलका झाला. दोन-चार सदस्य टिपण उलटसुलट करून बघायला लागले. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात मोठे साहेब सावकाश उठले. आगीच्या वेळी ताईसाठी मी दोन दिवसांची रजा घेतली होती, अर्जावर कारण लिहिलं होतं. साहेबांची स्मरणशक्ती उत्तम आहे.

"अध्यक्षमहोदय, एक गोष्ट सभेच्या नजरेस आणणं माझं कर्तव्य आहे. या बाईंची सख्खी बहीण त्याच गल्लीत राहते."

"अच्छा!" सभागृहाला एकदम सगळं समजलं. टिपणं पुन्हा सरळ झाली. कोणीतरी "तरीच" म्हणालं. मालकाच्या मेहुण्याने दर दिला तेव्हा ते दरपत्रक होतं, आणि मी बहीण निघाले तर तो हितसंबंध! मी ओरडून विचारलं, की तिकडे तिघांचे संबंध चालतात आणि इकडे एकीचा चालत नाही, हा कुठला न्याय? शिपायाने माझ्या कोपराला हात लावला. तो बिचारा म्हणत होता, "चला मॅडम, पाणी घ्या." मी बाहेर पाणी पीत असताना आत हात वर झाले. प्रस्ताव फेटाळला, सतरा विरुद्ध चौदा. कामकाजाच्या नोंदीत लिहिलंय, शहरावरची मोठी आर्थिक जोखीम टळली.

शुक्रवारी मालकाने मैदानाला पत्रे ठोकले. जागा त्याची, हक्क त्याचा. त्याच दिवशी माझ्या टेबलावर नोटीस आली. ज्या प्रकरणात आपला व्यक्तिगत संबंध आहे ते प्रकरण हाताळल्याबद्दल आणि सभेत विनापरवाना बोलल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, सात दिवसांत खुलासा करा.

शनिवारी मी ताईकडे गेले. ती माझ्याशी बोलेल की नाही याची धाकधूक होती. पण गल्लीच्या तोंडाशीच गर्दी होती. मोठ्या रस्त्यावर बंब उभा होता आणि अग्निशमन अधिकारी दोन जवानांना घेऊन नळी गल्लीत ओढत होते. त्यांना कोणी पाठवलं नव्हतं. सुट्टीचा दिवस, स्वतःच्या अंगावर साधा शर्ट. एका नळीला दुसरी, दुसरीला तिसरी जोडत ते वळणं घेत चालले होते, आणि मागे सगळी गल्ली. भावोजी होते, ताई होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि सरकून शेजारी जागा केली.

बाराव्या घरापाशी पाणी जोरात उडालं. पंचविसाव्यापाशी ते पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत कसंबसं पोचलं. नळ्या जोडत गेलं की पाण्याचा जोर मरतो, अधिकारी सांगत होते. बत्तिसाव्या घरापुढे नळीचं तोंड वर धरलं तर पाणी जवानाच्याच बुटांवर पडलं.

अधिकाऱ्यांनी खिशातून खडू काढला आणि भिंतीवर उभी रेघ मारली. त्यावर काही लिहिलं नाही.

ताईचं घर अठ्ठावन्नावं. तिने रेघेकडे पाहिलं, मग गल्लीत आत पाहिलं, जिथे वरच्या खोलीत आबा पडलेले होते. "आणि यापुढे?" तिने विचारलं. अधिकाऱ्यांनी नळी गुंडाळायला घेतली.

मी ताईच्या दुकानात, गाद्यांच्या ढिगावर बसूनच खुलासा लिहिला. एकोणीस वर्षांत इतकं कमी लिहून मी कधी कागद पुढे पाठवला नव्हता.

'आग लागली तर पाणी बत्तिसाव्या घरापर्यंत जातं. त्यापुढे एकोणनव्वद घरं आहेत. त्यांतल्या एका घरात माझी बहीण राहते. होय, माझा संबंध आहे. ज्या सतरा जणांनी विरोधात हात वर केले, त्यांचा नाही, म्हणूनच ते वर झाले. आता कारवाई करा.'